रोधवलयाचा व्यास आणि औषधाचा प्रश्न

चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील औषधी वनस्पतींवर होणारे प्रयोगशालेय संशोधन सामान्यतः दोन वर्गांत मोडते. पहिल्या वर्गात वनस्पतीचा अर्क काढून त्याची सूक्ष्मजंतूंवर परीक्षा घेतली जाते. दुसऱ्यात वनस्पतीच्या ऊतींचे काचनळीत संवर्धन करून रोपे तयार केली जातात. दोन्ही प्रकारच्या निबंधांच्या प्रस्तावनेत बहुधा एकच आशय आढळतो. येथील अरण्य समृद्ध आहे, गोंड व माडिया समाजाचे वनस्पतिज्ञान जुने आहे आणि या दोहोंचाही ऱ्हास होत आहे, असे त्यात सांगितलेले असते. हे विधान यथार्थ आहे. परंतु निबंधाच्या निष्कर्षाशी त्याचा काही संबंध उरला आहे असे क्वचितच दिसते. हा संबंध नेमका कोठे तुटतो, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम सूक्ष्मजंतुरोधक परीक्षणाकडे पाहू. आगरच्या थरावर सूक्ष्मजंतू पसरावयाचे, थरात छिद्र पाडून त्यात अर्क भरावयाचा आणि दुसऱ्या दिवशी छिद्राभोवतीच्या स्वच्छ वलयाचा व्यास मोजावयाचा, ही पद्धती सोपी व अल्पखर्ची आहे. चकतीच्या स्वरूपातील या पद्धतीला बॉवर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली प्रमाणरूप दिले. त्यामागील तत्त्व मात्र विसरले जाते. प्रत्येक प्रतिजैविकाच्या बाबतीत वलयाचा व्यास आणि किमान रोधक संहती यांचा संबंध स्वतंत्रपणे ठरविलेला असतो. म्हणूनच त्या व्यासाला अर्थ प्राप्त होतो. वनस्पतीच्या अर्काबाबत असा कोणताही तक्ता उपलब्ध नाही. अर्कातील द्रव्य पाण्यात किती विरघळते, त्याचे रेणू आगरमधून किती वेगाने पसरतात आणि थर किती जाड आहे, यांवर वलय लहानमोठे होते. सबब एका वनस्पतीचे १६ मिलिमीटरचे वलय दुसरीच्या १२ मिलिमीटरच्या वलयाहून श्रेष्ठ, असे म्हणण्यास आधार नाही. तैलयुक्त द्रव्य प्रभावी असूनही वलय दाखविणार नाही, हेही संभवते.

तुलनेसाठी शेजारी ठेवल्या जाणाऱ्या प्रतिजैविकाची गोष्ट याहून गंभीर आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या प्रमाण चकतीत ५ मायक्रोग्रॅम औषध असते. मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम या प्रमाणात केलेल्या अर्काचे ५० मायक्रोलिटर छिद्रात भरले, तर तेथे ५ मिलिग्रॅम, म्हणजे सहस्रपट द्रव्य पडते. अशा दोन वलयांची तुलना करून ‘अर्क प्रतिजैविकाच्या तोडीचा आहे’ असे लिहिणे हा केवळ अंकगणिताचा दोष नव्हे. वाचकाची त्यात दिशाभूल होते. अर्काचे परीक्षण मिलिलिटरला १ मिलिग्रॅमहून अधिक संहतीला करू नये, असे रिओस व रेसिओ यांनी २००५ सालीच सुचविले होते. ही मर्यादा पाळली असता आज ‘उत्तम’ ठरविलेले अनेक अर्क निष्प्रभ ठरतील, हे उघड आहे. पण मग तेच खरे फलित होय.

दुसरा दोष जंतूंच्या निवडीचा. पांढऱ्या कुड्याची साल आव व हगवण यांवर दिली जाते, ही परंपरा आयुर्वेदातही आहे आणि या अरण्यातही आहे. सालीतील कोनेसीन या अल्कलॉइडाचा अभ्यास मुख्यतः अमीबाजन्य आवेच्या संदर्भात झाला. असे असता कुड्याच्या अर्काची परीक्षा संग्रहातील स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर घेतली, तर परंपरेच्या दाव्याविषयी आपल्याला काहीच कळत नाही. कारण दावा एका रोगाचा आणि परीक्षा दुसऱ्याच जंतूची. शिवाय कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याच्या सालीची भेसळ होते, ही प्रसिद्ध गोष्ट आहे. दोहोंचे कूळ एक, पण प्रजाती भिन्न. नमुन्याचा वाळविलेला संदर्भ-पुरावा वनस्पतिसंग्रहात ठेवला नसेल, तर परीक्षा कोणत्या झाडाची झाली, हेही मागाहून सांगता येणार नाही.

आता ऊतिसंवर्धनाकडे वळू. ऑक्झिन व सायटोकायनिन यांच्या प्रमाणावर ऊतीला मुळे फुटणार की कोंब, हे अवलंबून असते, असे स्कूग व मिलर यांनी १९५७ साली दाखविले. १९६२ साली मुराशिगे व स्कूग यांनी आपले पोषणमाध्यम प्रसिद्ध केले. आपल्याकडील बहुसंख्य प्रयोग याच दोन पायांवर उभे आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून १९८० साली सागाच्या ऊतिसंवर्धनाचे काम प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यामागील प्रश्न स्पष्ट होता: उत्तम वृक्षाची हुबेहूब संतती हवी. लाकडासाठी तो प्रश्न पुरेसा आहे. औषधासाठी तो पुरेसा नाही.

बिवल्याचे उदाहरण घ्या. मधुमेहावर बिवल्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी पितात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासगटाने विजयसाराच्या रुग्णचाचणीचा वृत्तांत १९९८ साली प्रसिद्ध केला होता. औषध आहे ते गाभ्याच्या लाकडात, आणि तो गाभा धरावयास वृक्षाला अनेक वर्षे लागतात. काचनळीतील चार पानांच्या रोपाला गाभा नसतो. मग रोप जगले याचा अर्थ औषध वाचले असा कसा होईल? बिवल्याच्या कठीण शेंगेतून बीज सहजी उगवत नाही, म्हणून ऊतिसंवर्धन उपयुक्त आहे, हे मान्य. परंतु ती उपयुक्तता वनसंवर्धनाची आहे, औषधनिर्मितीची नव्हे. सफेद मुसळीसारख्या कंदवर्गीय वनस्पतीत परिस्थिती वेगळी आहे. तेथे संवर्धित रोपाच्या कंदाची व जंगली कंदाची सॅपोनिने शेजारी शेजारी मोजता येतात. संवर्धित रोपांत आनुवंशिक फेरफार होऊ शकतात, हे लार्किन व स्काउक्रॉफ्ट यांनी १९८१ साली दाखवून दिले असल्यामुळे असे मोजमाप आवश्यकच ठरते.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे न्याय्य होईल. लहान महाविद्यालयात साधने थोडी, विद्यार्थी शिकाऊ. त्यांच्याकडून नवऔषधाची अपेक्षा का करावी? अपेक्षा तशी नाहीच. विद्यार्थ्याने थाळीवर हात बसवावा, यात दोष नाही. अभ्यासाचा पाठ शोध म्हणून छापला जातो, तेथे दोष आहे. खरे पाहता उणीव साधनांची नसून प्रश्नाची आहे. तू यूयू यांनी चौथ्या शतकातील गे होंगच्या ग्रंथात किंगहाओ ही वनस्पती थंड पाण्यात भिजवून पिळण्याची कृती वाचली, उष्णतेने द्रव्य नष्ट होत असावे असे ताडले आणि १९७१ साली कमी तापमानावर ईथरने अर्क काढला. त्यातून आर्टेमिसिनिन हाती आले. २०१५ साली त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या गडचिरोलीत हिवताप आजही ठाण मांडून आहे, तेथील संशोधकाने हा धडा विशेष ध्यानात घ्यावा. आपले निबंध मात्र वैदूची कृती न विचारता सरसकट मेथॅनॉल वापरतात. साल उकळावयाची की भिजवावयाची, ताजी की सुकलेली, कोणत्या ऋतूत काढलेली, हे प्रश्न विचारण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

आणखी एक बाब. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांना ते मिळाले. म्हणजे नमुना जेथून येतो ते रान आता बेवारस नाही. गौण वनोपजावर ग्रामसभेचा अधिकार आहे, आणि ‘अत्यंत प्रभावी’ असा शेरा छापून आला की साल सोलण्यास येणारा व्यापारी त्याच रानात जातो. निष्काळजी निष्कर्षाची किंमत प्रथम झाड देते व नंतर गाव.

२०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाचे क्षेत्र नेमके हे दोन जिल्हेच आहे. म्हणून या विषयाची जबाबदारी येथे विशेष आहे. प्रत्येक प्रबंधाला चार प्रश्न विचारले जावेत. परंपरेने सांगितलेला रोग आणि परीक्षेतील जंतू यांचा मेळ आहे काय? वलयाच्या व्यासाऐवजी किमान रोधक संहती दिली आहे काय? संवर्धित रोपात मूळ औषधिद्रव्य तपासले आहे काय? फलित, मग ते प्रतिकूल का असेना, ज्या ग्रामसभेच्या रानातून नमुना आणला तिला कळविले आहे काय? या चार प्रश्नांची उत्तरे ज्यात आहेत, असा एक निबंध रोधवलयांच्या शंभर तक्त्यांहून अधिक मोलाचा ठरेल.