बालविकासाची मोजपट्टी : एक परीक्षण

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात कसोट्यांच्या पुस्तकाचे परीक्षण कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु ज्या ग्रंथाच्या आधारे एखादे बालक ‘मंद’ किंवा ‘बरोबरीचे’ ठरते, तो कादंबरीपेक्षा अधिक काळजीने वाचावयास हवा, असे आम्हांस वाटते. कादंबरीकाराने पात्रावर अन्याय केला, तरी त्या पात्राला शाळेतून कोणी परत पाठवीत नाही.

प्रमिला फाटक यांनी बडोद्यास केलेले कार्य या विषयातील आपल्याकडील पायाभूत कार्य होय. अमेरिकेतील नॅन्सी बेली यांच्या मापनश्रेणीला त्यांनी भारतीय बालकांचा आधार दिला. एक ते तीस महिन्यांच्या बालकांची त्यांची प्रमाणके १९७० साली प्रसिद्ध झाली. १९९७ साली सुधारलेली श्रेणी ‘डासी’ या नावाने ओळखली जाते. परक्या देशातील अर्भक ज्या महिन्यात बसते, त्याच महिन्यात आपले बसले पाहिजे, हा आग्रह या कार्याने सोडविला. १९९१ साली त्रिवेंद्रमला तयार झालेला सतरा कलमांचा सुटसुटीत तक्ताही याच प्रमाणकांतून निघाला. एवढे श्रेय निःसंकोच दिले पाहिजे.

श्रेणीत ६७ कलमे शारीरिक हालचालींची व १६३ मानसिक विकासाची आहेत, आणि दोन्हींची वये निरनिराळी काढली जातात. ही वाटणी शहाणपणाची दिसते. पण नीट पाहता मानसिक बाजूच्या गटांतच वस्तू हाती घेऊन चाचपणे आणि हस्तकौशल्य यांचा समावेश आहे. म्हणजे बुद्धी मोजावयाची, ती पुष्कळदा हातामार्फत! निरोगी बालकाच्या बाबतीत यात बिघडत नाही. परंतु मेरुरज्जूतील चेतापेशी झिजून स्नायू दुबळे होण्याचा जो आनुवंशिक रोग आहे (त्याचे कारण असलेला जनुक १९९५ साली सापडला), त्यातील बालकाची बुद्धी बहुधा शाबूत असते. खुंटी कोणत्या भोकात बसेल हे त्याला उमगते, डोळे तिकडे वळतात; हात मात्र उचलत नाही. कागदावर पडते ते शून्य. दोष ग्रंथकर्त्रीचा नव्हे, तिने निरोगी बालकांची प्रमाणके दिली; ती आजारी बालकास जशीच्या तशी लावणाऱ्याचा आहे.

तथापि केवळ करुणेपोटी ‘देह दुबळा, बुद्धी धडधाकट’ असे सरसकट म्हणणेही चूकच. डुशेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्नायुक्षयात ज्या प्रथिनाचा अभाव असतो (त्याचा शोध १९८७ सालचा), ते मेंदूलाही लागते. म्हणून त्या रोगातील काही मुलांचे बोलणे खरोखरच उशिरा सुरू होते. तेव्हा आमची अपेक्षा इतकीच, की चुकलेल्या प्रत्येक कलमासमोर मुलास समजले नाही, की समजूनही हात पोचला नाही, हे परीक्षकाने लिहावे. आणि नजरेने दाखविलेले उत्तरही उत्तर म्हणून नोंदवावे. याला खर्च शाईचाच.

हीच मोजपट्टी घेऊन परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्यास जावे, म्हणजे दुसरी उणीव दिसते. तेथील पाड्यांत पुष्कळ घरी कोरकू बोलली जाते. ही भाषा मराठीच्या कुळातील नव्हे, संथाली-मुंडारीच्या कुळातील आहे. परीक्षकाचा प्रश्न दुभाष्यामार्फत मुलाकडे जातो, आणि दुभाष्याची अडखळ मुलाच्या खात्यावर मांडली जाते. एका मुलाचा हात आडवा आला, दुसऱ्याला भाषा आडवी आली. साधनाची उणीव मुलाची म्हणून लिहिण्याची रीत मात्र एकच.

शिवाय मेळघाट म्हटले की १९९३ पासून कुपोषण हा एकच शब्द आपल्याला आठवतो. तो खोटा नाही. पण त्याच्या आड इतर आजार दडू शकतात. उशिरा चालणारे मूल दिसले, की ‘खाणे कमी पडले’ एवढ्यावर विचार थांबतो. उलट डुशेनच्या रोगात पोटऱ्या भरदार दिसतात. वजनाचा तक्ता अशा मुलाबद्दल काही तक्रार करीत नाही. ते जमिनीवरून उठताना आपल्याच मांड्यांवर हात टेकीत वर येते, ही खूण सामान्यतः तीन-चार वर्षांच्या सुमारास दिसू लागते, आणि फाटक यांची श्रेणी तर तीस महिन्यांवरच संपते! २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरविलेली आहे. तिच्यात ही खूण डोळ्यांनी पाहावयाची आहे, आणि शंका आल्यास रक्तातील क्रिएटिन कायनेज मोजावयाचे आहे. संशोधन आपल्याकडे झाले ते मोठ्या शहरांच्या रुग्णालयांत. ही साधी पाहणी पाड्यात व्हावयाची आहे.

घाईचे कारण केवळ त्या एका मुलापुरते नाही. निदान लांबलेल्या वर्षांत त्याच घरी पाठचा भाऊ जन्मास येतो, आणि आई सदोष जनुकाची वाहक असेल, तर त्यालाही तोच रोग होण्याचा संभव निम्मा असतो.