हरित प्रमाणनातील एक 'किंवा'

दिवसाच्या उजेडानुसार विजेचे दिवे आपोआप मंद वा प्रखर करणारी योजना हरित इमारतींच्या प्रमाणनात आता रुळली आहे. तिच्या तांत्रिक अंगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या शब्दांत ती मागितली जाते, त्या शब्दांची परीक्षा मात्र क्वचितच होते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने 2007 साली प्रसृत केलेली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. 'ग्रिहा' या मूल्यांकन पद्धतीनेही तिचा आधार घेतला. उजेड पोहोचणारे क्षेत्र 25 चौरस मीटरांहून मोठे असल्यास तेथील दिव्यांना हस्तचालित किंवा स्वयंचलित नियंत्रक असावा, आणि प्रकाश निदान 50 टक्क्यांनी कमी करण्याची क्षमता त्याच्या अंगी असावी, असा तिच्यातील एका कलमाचा आशय होता.

सारा भार येथे दोन शब्दांवर आहे. 'किंवा'मुळे भिंतीवरील बटण आणि छतातील प्रकाशसंवेदक एका पंक्तीला बसतात. 'क्षमता' हा शब्द तर त्याहून निसरडा. कमी करू शकणे निराळे आणि कमी करणे निराळे. कलम पहिल्यावरच संतुष्ट होते. वर्षभर पूर्ण तेजाने जळणारा दिवाही मग नियमाला धरूनच ठरतो. 2017 च्या आवृत्तीने उपयुक्त उजेडाला 100 ते 2000 लक्स अशी मर्यादा घालून खिडकी, छज्जा आणि खोलीची लांबीरुंदी यांकडे लक्ष वळविले, हे तिचे श्रेय होय. हस्तचालित पर्याय मात्र तिनेही राखला.

या ढिलाईची किंमत खालापूर तालुक्यातील मोहोपाड्यासारख्या ठिकाणी कळून येते. तेथील औद्योगिक पट्ट्यातील एखादी कचेरी आषाढात कल्पून पाहावी. भर दुपारी अंधारून येते, घटकाभर उघडीप पडते, पुन्हा आभाळ भरते. ('अंधारून येते' या प्रयोगाला कर्ता नसतो, हे येथे सूचक आहे.) बटणावर विसंबलेल्या कचेरीत अंधारताच कोणीतरी दिवे लावतो, उघडीप पडल्यावर ते मालवावयास कोणी उठत नाही. उजेडाची उणीव डोळ्यांना खुपते, अतिरेक खुपत नाही.

संवेदकही सर्वस्वी निर्दोष नव्हे. छतातील संवेदक मेजावरून परावर्तित झालेला प्रकाश मोजतो आणि त्यात दिव्याचा स्वतःचाही वाटा असतो. मेजावर पांढऱ्या कागदांचा ढीग असला तर खोली आहे त्याहून उजळ भासते. ढगागणिक दिवे वरखाली होऊ नयेत म्हणून प्रतिसादाला हेतुतः विलंब लावावा लागतो. ही जुळणी सामान मांडून झाल्यावर, आणि कोकणात तरी उन्हाळा व पावसाळा अशा दोन्ही ऋतूंत, व्हावयास हवी. ती न झाल्यास त्रासलेले कर्मचारी संवेदकावर चिकटपट्टी लावून मोकळे होतात, आणि प्रमाणपत्र जसेच्या तसे भिंतीवर राहते.

कंदिलाच्या काळी मराठी घरात वात चढविणे आणि कमी करणे ही नित्याची क्रिया होती. दिवेलागण घड्याळाने नव्हे, उजेडाने ठरत असे. ते शब्द करण्याचे आहेत, करू शकण्याचे नव्हेत. संहिताकारांनी नियंत्रकाची क्षमता विचारण्याऐवजी, इमारत वापरात आल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात दिव्यांनी प्रत्यक्ष किती वीज घेतली याची स्वतंत्र मीटरवरील नोंद मागावी. मग 'किंवा' कलमात राहिला तरी बिघडणार नाही.