लक्ष्मीबाईंची पाच वर्षे

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. आपल्याकडील जुन्या मराठी घरांतून ती पुष्कळदा वाचली जातात. पण स्मरणात राहतात ते त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे किस्से आणि टिळकांचे विक्षिप्त औदार्य. सेवानिवृत्तीनंतर हा ग्रंथ पुन्हा हाती घेतला, तेव्हा मला त्यात निराळाच प्रश्न दिसला. लोकांची मर्जी राखण्याच्या सवयीतून माणूस सुटतो कसा?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. (नवा करार त्यांच्या हाती आला तो राजनांदगावास जाताना आगगाडीत, एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाकडून, बृहन्महाराष्ट्राशी या कथेचा हा एक धागा.) समीक्षकांचे लक्ष साहजिकच त्यांच्या धैर्याकडे वळते आणि लक्ष्मीबाई पतीच्या मागोमाग गेलेल्या ठरतात. हे मत मला मान्य नाही. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधली पाच वर्षे नजरेआड केली, तर ग्रंथाचा कणाच हरवतो.

नातलगांच्या आधाराने राहावयाचे, तर त्यांच्या मनासारखे वागणे आले. पतीकडे जावयाचे, तर त्याचा धर्म स्वीकारून त्याला संतुष्ट करणे सोपे होते. लक्ष्मीबाईंनी दोन्ही केले नाही. त्या टिळकांकडे परतल्या, परंतु आपली चूल आणि आपले सोवळे निराळे ठेवून. ते सोवळे सुटले, ते पतीच्या आग्रहाने नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडविल्यानंतर. माणसांना खूश करावयाचे की देवाला, असा सवाल पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभीच आहे. येथे त्याचे उत्तर स्वयंपाकघरात मिळते.

शासकीय टिपण्या लिहिता लिहिता ‘वरिष्ठांना काय रुचेल’ हे आधी आणि विषय नंतर, हा क्रम माझ्या लेखणीच्या अंगवळणी पडला होता. म्हणूनच लक्ष्मीबाईंच्या गद्याचा मोकळेपणा मला केवळ शैलीचा गुण वाटत नाही. स्वतःचे अज्ञान, भीती, त्रागा हे सारे त्या हसतहसत सांगतात. वाचकाने आपल्याला थोर मानावे, ही गरजच तेथे उरलेली नाही. देवाने आपल्याला आहोत तसे स्वीकारले आहे, या भरवशाने ती सुटली असावी, असे मी समजतो. मात्र ग्रंथ हे उघड बोलत नाही, आणि माझी तक्रार हीच आहे. बाहेरच्या घटना जितक्या बारकाईने येतात, तितकी प्रार्थना येत नाही. श्रद्धेने आत काय घडविले, ते वाचकाला अनुमानानेच गाठावे लागते.

टिळकांच्या बाबतीत लेखिका अधिक चिकित्सक आहे. मागेल त्याला घरातली वस्तू उचलून देणारा हा पुरुष लोकनिंदेला भीत नव्हता, हे खरे. पण ‘नाही’ म्हणणे त्याला जमत होते काय? त्या औदार्याचा भार घर चालविणारीवर पडे, हे लक्ष्मीबाई कटुता न आणता आणि काही न लपविता लिहितात. तरीही १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून ‘देवाच्या दरबारा’साठी निघालेल्या टिळकांचे श्रेय नाकारता येत नाही. आप्तांचा रोष पत्करणे एक वेळ सोपे. ज्यांनी आपल्याला जवळ केले, त्यांचाच आश्रय सोडणे अधिक अवघड असले पाहिजे.

नव्या वाचकाने सोवळ्याच्या किश्श्यांवर फार न रेंगाळता १८९५ ते १९०० या काळाची प्रकरणे आधी वाचावीत, अशी माझी शिफारस आहे.