जुन्या यंत्रखेळांची पुनर्निर्मिती : एक पाठचिकित्सक विचार

कयाधू नदीच्या काठचे नरसी नामदेव हे गाव परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. (पंढरपूरचा पक्ष धरणारेही अभ्यासक आहेत, त्या वादाचे येथे प्रयोजन नाही.) नामदेवांच्या हातची एकही पोथी आज उपलब्ध नाही. त्यांची रचना कीर्तनकारांच्या मुखातून आणि उत्तरकालीन बाडांतून पुढे आली. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याचे अभंगही समान नाममुद्रेच्या आश्रयाने गाथेत मिसळले. आणि १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथातील ६१ पदे हा आणखी एक, दूरदेशीचा साक्षीदार ठरला. मूळ हाती नसताना मूळ म्हणून काय स्वीकारावे, हा प्रश्न त्यामुळे मराठीच्या अभ्यासकास नवा नाही. अलीकडे तोच प्रश्न एका अगदी अनपेक्षित क्षेत्रात उभा राहिला असून, तेथे त्याला दिले जाणारे उत्तर तपासून पाहण्याजोगे आहे.

हे क्षेत्र म्हणजे नाणे टाकून खेळावयाच्या जुन्या व्हिडिओ खेळांची हौशी मंडळींनी आरंभिलेली पुनर्निर्मिती होय. टाइटो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) किंवा नामको कंपनीचा ‘पॅक-मॅन’ (१९८०) हे खेळ त्या त्या खेळासाठी घडविलेल्या सर्किट बोर्डावर जन्मले. ते बोर्ड आता गंजत चालले आहेत. कॅपकॉम कंपनीने १९९३ पासून वापरलेल्या ‘सीपीएस-२’ बोर्डांत तर खेळाचे गूढलेखन उलगडण्याची किल्ली बॅटरीच्या आधाराने टिकणाऱ्या स्मृतीत ठेवलेली असे. बॅटरी संपली की बोर्ड मुका झालाच. तेव्हा हा केवळ फावल्या वेळचा छंद आहे असे म्हणून त्याची बोळवण करता येणार नाही.

पुनर्निर्मितीचे मार्ग दोन. पहिला संगणकाच्या आज्ञावलीचा. निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला ‘मेम’ हा त्याचा प्रमुख नमुना. दुसरा एफपीजीए या चिपचा. झायलिंक्स कंपनीने १९८५ मध्ये प्रथम बाजारात आणलेल्या या जातीच्या चिपमधील तर्कघटकांची जोडणी कारखान्याबाहेरही हवी तशी बदलता येते. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या संकेतप्रक्रियेतही अशा चिप राबतात. अलेक्सेई मेल्निकोव्ह यांनी २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘मिस्टर’ प्रकल्पामुळे हा मार्ग हौशी मंडळींच्या आटोक्यात आला. दोहोंतील भेद कीर्तनाच्या दृष्टान्ताने स्पष्ट होईल. आज्ञावलीच्या मार्गात एकच मनुष्य क्षणात टाळ, क्षणात मृदंग, क्षणात वीणा हाती घेतो आणि हे इतक्या चपळाईने करतो की श्रोत्यास मेळ बसल्याचा भास व्हावा. एफपीजीएमध्ये टाळकरी, मृदंगी आणि वीणेकरी खरोखरच एकाच वेळी उभे असतात. कळ दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा विलंब येथे कमी ठेवता येतो, हा लाभ निःसंशय आहे.

परंतु या लाभावरून पुष्कळदा एक मोठा दावा केला जातो : हे अनुकरण नव्हे, हे साक्षात् मूळ यंत्रच आहे. हा दावा टिकत नाही. एफपीजीएमध्ये मूळ सर्किट उचलून ठेवलेले नसते. कोणा एका अभ्यासकाने त्या सर्किटाचे केलेले वर्णन तेथे उतरलेले असते, आणि ते वर्णन पुराव्यावर उभे असते. जुने आराखडे, चालत्या बोर्डावर घेतलेली मोजमापे, क्वचित चिपचे आवरण आम्लाने विरघळवून घेतलेली अंतर्भागाची छायाचित्रे, हा तो पुरावा. जेथे पुरावा संपतो तेथे अनुमान सुरू होते, आणि अनुमान सिलिकॉनमध्ये कोरले म्हणून त्याचे प्रमाण होत नाही. उत्तम पुराव्यावर रचलेली आज्ञावली ही दुबळ्या पुराव्यावर रचलेल्या एफपीजीए-रूपाहून मुळाशी अधिक इमानी असू शकते.

येथे शब्द आणि चाल हा विवेक उपयोगी पडेल. खेळाचा कार्यक्रम स्मृती-चिपमधून अक्षरशः उतरून घेता येतो, तो शब्द. पॅक-मॅनमधील गुलाबी भूत नायकाच्या चार घरे पुढचा वेध घेते. मात्र नायक वर पाहत असता गणितातील एका चुकीमुळे तो वेध चार घरे डावीकडेही सरकतो. २५६व्या पातळीवर मोजणीचा अंक ओसंडतो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग कचऱ्याने भरतो. हे प्रमाद मूळ कर्त्याच्याच हातचे आहेत, लेखकूचे नव्हेत. ते शब्दाबरोबर आपोआप येतात, आणि आले पाहिजेत. चालीचे तसे नाही. स्पेस इन्व्हेडर्समधील ५५ शत्रूंपैकी प्रत्येक चित्रचौकटीस एकच पुढे सरकतो. शत्रू मरत जातात तशी फेरी लहान होते आणि उरलेल्यांचा वेग वाढतो. खेळाचा प्राण असलेली ही चढती लय शब्द आणि यंत्राची गती यांच्या संयोगातून उपजते. त्याचे ध्वनी तर अंकीय नव्हतेच. प्रतिरोधक-धारित्रांच्या जोडणीतून ते निघत. एफपीजीएला ती भाषा अवगत नाही. तेथे गणिती प्रतिरूपावर किंवा ध्वनिमुद्रणावर भागवावे लागते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिने व्यासांचे शब्द हाती लागल्याचा दावा केला नाही. उपलब्ध प्रतींच्या साहाय्याने गाठता येईल तितके जुने रूप, एवढीच तिची प्रतिज्ञा होती. नाकारलेले पाठ तिने तळाशी छापले आणि संशयित पाठाखाली नागमोडी रेघ ओढली. या नव्या पुनर्निर्मितीत उणीव आहे ती या रेघेची. मिस्टरच्या रचनांचे मूळ लेखन खुले असते आणि काही कर्ते त्यात आपले अनुमान कोठे आहे ते नोंदवितातही. पण ती टीप सांकेतिक भाषा वाचणाऱ्यापुरतीच राहते. खेळणाऱ्याच्या पुढे निश्चित आणि अनुमानित दोन्ही सारख्याच तेजाने झळकतात. शेवटचा मूळ बोर्ड बंद पडल्यावर तुलनेला साधनच राहणार नाही, आणि मग विष्णुदासाचा अभंग नामदेवांचा म्हणून गायिला गेला तसे अनुमानही मुळाच्याच मुद्रेने वावरू लागेल.

एक उदाहरण मात्र पुनर्निर्मात्यांच्या रसिकतेची साक्ष देणारे आहे. स्पेस इन्व्हेडर्सच्या आरंभीच्या यंत्रांचा पडदा कृष्णधवल होता. रंग होते ते त्यावर लावलेल्या पारदर्शक पट्ट्यांचे. त्यामुळे वर जाणारी गोळी पट्टीच्या सीमेवर अचानक रंग बदले. आजच्या पुनर्निर्मितीत पडदा रंगीत असतो, पट्टी नसते. तरी पडद्यावरील स्थान मोजून गोळीला त्याच सीमेवर रंग दिलेला आढळतो. मूळ बोर्डात हा रंग कोठेही नव्हता.