ताई महाराज प्रकरण : चरित्रलेखनातील एक मौन

लोकमान्य टिळकांच्या चरित्रांत ‘ताई महाराज प्रकरण’ प्रामुख्याने टिळकांची सत्त्वपरीक्षा म्हणून येते. ही मांडणी निराधार नाही. मात्र ती अपुरी आहे.

पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित १८९७ मध्ये निवर्तले. मृत्युपत्रान्वये टिळक, खापर्डे आदी विश्वस्त झाले. पित्याच्या निधनानंतर जन्मलेला पुत्र अल्पायुषी ठरल्याने दत्तकाचा प्रश्न उद्भवला. १९०१ मध्ये औरंगाबादेस जगन्नाथ यांचे दत्तविधान झाले. त्याच वर्षी ताई महाराजांनी कोल्हापूर शाखेतील बाळा महाराजांना दत्तक घेतले. टिळकांना खोट्या साक्षीबद्दल झालेली शिक्षा १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथ यांचे दत्तविधान वैध ठरविले. त्यापूर्वीच ताई महाराजांचे निधन झाले होते.

चरित्रकार ताई महाराजांच्या कृतीचा उगम बहुधा त्यांच्या सल्लागारांत शोधतात. परंतु तत्कालीन हिंदू कायद्यानुसार विधवेने दत्तक घेताच पतीची मिळकत दत्तकपुत्राकडे जाई. तिच्याकडे केवळ पोटगीचा हक्क उरे. म्हणजेच दत्तक कोण, हा निर्णय हेच तिचे एकमेव सामर्थ्य होते. हे ध्यानी घेतल्यास तिचा विरोध केवळ अविचार ठरत नाही. टिळकांची निर्दोषता मान्य करूनही हा प्रश्न उरतोच.

२००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क दिला. तरीही बहिणींकडून हक्कसोडपत्र घेण्याचा प्रघात टोकावड्यासारख्या ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना अपरिचित नाही. म्हणूनच हे प्रकरण शिकविताना निकालाबरोबर त्यातील मौनही वाचले पाहिजे.