हबसाण कुठे गेले?

कोकणच्या किनाऱ्यावरच्या एका तुकड्याला एके काळी आफ्रिकेचे नाव होते. बाणकोटच्या खाडीपलीकडचा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड हा मुलूख जुन्या मराठी कागदांत 'हबसाण' म्हणून येतो. हबश म्हणजे ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. तिथला माणूस तो हबशी, आणि हबशांचा अंमल जिथे, ते हबसाण. पेशव्यांचे मूळ गाव श्रीवर्धन याच हबसाणातले. खाडीच्या अलीकडे, आजच्या रत्नागिरी जिल्ह्यात, अंजनवेल आणि गोवळकोट ही ठाणी बराच काळ त्याच सत्तेकडे होती. आज हे नाव बोलण्यातून जवळजवळ गेले आहे. नावे जातात, त्यात नवल नाही. पण या नावाबरोबर एक विचार करण्याची शक्यताही गेली, असे मला वाटते. आफ्रिकेतून आलेली माणसे या भूमीवर राज्य करत होती, महसूल बसवत होती, आरमार चालवत होती, हे साधे वाक्य आपल्या रोजच्या बोलण्यात आता सहज येत नाही.

या लेखात इतिहासातले नवे कागद मांडायचे नाहीत. शाळेची सहल, किल्ल्यावरचा गाइड, शिवजयंतीचे व्याख्यान, आंब्याच्या हंगामातल्या बातम्या यांतून आफ्रिकी माणसांच्या कर्तृत्वाबद्दल आपण कसे बोलतो, त्या बोलण्याची ही तपासणी आहे. तीत एक रीत पुन्हा पुन्हा आढळते. जिथे कर्तृत्व मान्य होते, तिथे आफ्रिका गळून पडते. आणि जिथे आफ्रिका लक्षात राहते, तिथे कर्तृत्व गळून पडते. दोन्ही एका वाक्यात फार क्वचित येतात.

पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण मलिक अंबर. सोळाव्या शतकाच्या मध्याला इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादमार्गे दख्खनला पोहोचला. त्याला इथे विकत घेणारा चंगीझखान हा निजामशाहीचा पेशवा होता आणि तोही हबशीच होता. म्हणजे अंबर आला तेव्हा अहमदनगरच्या दरबारात हबशी सरदारांची एक फळी आधीच उभी होती. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर अंबरने परांड्याला दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवले आणि पुढची पाव शतक ती बुडती सत्ता तरती ठेवली. 1610 च्या सुमारास त्याने खडकी हे शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. तिथे जमिनीखालच्या नळांतून पाणी खेळवणारी नहर त्याच्याच नावाने ओळखली जाते. जमिनीची प्रतवारी आणि सरासरी पीक पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत पुढे शिवकाळात पुणे प्रांतात उपयोगी पडली, आणि 'मलिकंबरी' हे विशेषण महसुली मराठीत रुळले. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. शिवभारतात परमानंदाने या लढाईचे वर्णन केले आहे आणि अंबरच्या शौर्याला उणे लेखलेले नाही.

हे सगळे आपल्याकडे सांगितले जाते आणि आदराने सांगितले जाते. पण कशाच्या संदर्भात? गनिमी काव्याची पूर्वपीठिका म्हणून, शहाजीराजांच्या उमेदवारीचा काळ म्हणून, दादोजी कोंडदेवांच्या जमाबंदीचा मागचा दुवा म्हणून. अंबर येतो तो पुढच्या गोष्टीची प्रस्तावना होऊन, आणि 'निजामशाहीचा वजीर' एवढी ओळख त्याला पुरते. तो हबशी होता हे कुणी लपवत नाही. ते माहितीच्या पहिल्या ओळीत येते आणि पुन्हा येत नाही. त्याच्या शत्रूने मात्र ते एक क्षणही विसरू दिले नाही. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात त्याच्या रंगावरून अपशब्द वापरतो. अबुल हसनने काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात हा बादशहा अंबरच्या तोडलेल्या डोक्यावर बाण सोडताना दिसतो. प्रत्यक्षात ते डोके मोगलांच्या हाती कधीच लागले नाही. 1626 मध्ये ऐंशीच्या घरात असताना अंबर वारला आणि खुलदाबादला त्याचे दफन झाले. त्यानंतर जहांगीरच्याच दरबारातल्या मुतमदखान या इतिहासकाराने युद्धकला, हुकमत आणि कारभार यांत त्याच्या तोडीचा कुणी नव्हता अशी कबुली दिली. मोगल दरबाराला त्याचा रंग आणि त्याची योग्यता दोन्ही दिसत होते. एकाचा द्वेष करून दुसरे मान्य करणे भाग पडले. आपण द्वेष करत नाही, हे चांगलेच आहे. पण आपल्या आदरात तो माणूस अर्धाच उरतो.

दुसरा प्रकार जंजिऱ्याचा. इथे आफ्रिका लक्षात आहे. 'सिद्दी' हा शब्दच ती विसरू देत नाही. राजपुरीहून होडीत बसले की सांगितले जाते ते असे: किल्ला अजिंक्य राहिला, तटाचा दरवाजा अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही, भर समुद्रात गोड्या पाण्याचे तलाव आहेत, आणि कलालबांगडी तोफ केवढी मोठी आहे. यातले काहीही खोटे नाही. पण यश मिळते ते दगडाला, पाण्याला आणि तोफेला. तट माणसांनी राखावा लागतो, तोफेला दारू पुरवावी लागते, वेढ्यात धान्य पुरवून वापरावे लागते, आणि हे सगळे पिढ्यान्‌पिढ्या करायला एक व्यवस्था लागते; ती व्यवस्था कथेत नसते. जंजिऱ्याची सरदारी बराच काळ बापाकडून मुलाकडे आपोआप जात नव्हती. आरमारातले सिद्दी सरदार आपल्यातल्या ज्येष्ठ आणि कर्त्या माणसाला पुढे करत. 1671 च्या सुमारास फत्तेखान किल्ला शिवाजी महाराजांच्या हवाली करायला निघाला, तेव्हा संबूल, कासम आणि खैर्यत या तिघा सिद्द्यांनी त्याला दूर करून सत्ता हाती घेतली आणि मोगलांचे पाठबळ मिळवले. 1689 मध्ये याच कासमने, म्हणजे याकूतखानाने, मुंबईवर उतरून इंग्रजांना त्यांच्या कोटात कोंडले. इंग्रजांना औरंगजेबाकडे माफी मागावी लागली, तेव्हा कुठे 1690 मध्ये वेढा उठला. मुंबईच्या इतिहासातला एवढा मोठा प्रसंग, पण तो आपल्या बोलण्यात जवळजवळ नाहीच.

जुनी मराठी याबाबतीत अधिक सावध होती. सभासदाने सिद्द्याला घरातल्या उंदराची उपमा दिली, ही गोष्ट आपण हसत सांगतो. पण सतराव्या शतकाच्या अखेरीस स्वराज्याचा जाणता माणूस असे लिहितो, तेव्हा त्यात तिरस्काराइतकीच अडचणीची कबुली आहे: हा शत्रू लहान आहे, पण आपल्याच घरात आहे आणि निघत नाही. त्या काळच्या कागदांत 'शामल' हा शब्द रंगावरून आलेला आहे खरा. तरीही त्या शामलाशी तह होतात, त्याच्या हालचालींचा अंदाज घेतला जातो, त्याच्या सरदारांची नावे नीट लिहिली जातात. आणि सिद्दी एकाच बाजूला होते असेही नाही. 1660 मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर गेलेला सिद्दी हिलाल कितीजणांना ठाऊक आहे? त्या झुंजीत हिलालचा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. पन्हाळ्याची कथा सांगताना हा बाप सांगितला, तर तिची उंची तिळभरही कमी होत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात हा प्रश्न जास्त अवघड होतो, आणि तो टाळून चालणार नाही. चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्राचा विध्वंस 1727 मध्ये सिद्दी सात याने केला. सावनूरहून येणाऱ्या एका हत्तीवरून आंग्र्यांशी तंटा झाला, त्याचा राग त्याने ब्रह्मेंद्रस्वामींवर आणि देवस्थानावर काढला. माणसांचा छळ झाला, मंदिर लुटले गेले. 1736 मध्ये चिमाजी आप्पांनी सिद्दी साताला युद्धात मारले, तो आनंद त्या काळी समजण्यासारखा होता. ही आठवण खरी आहे आणि ती पुसा असे कुणी म्हणू नये. पण त्याच ब्रह्मेंद्रस्वामींना परशुरामाच्या देवस्थानासाठी पेढे आणि आंबडस ही गावे आधी मिळाली होती ती जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाकडून. एकाच देवळाच्या इतिहासात एक सिद्दी दाता आहे आणि दुसरा विध्वंसक. दोघांचीही नावे घेतली, तर दोघे माणसे ठरतात. एकाला आपण रागाने, दुसऱ्याला कृतज्ञतेने आठवू शकतो. एकाचेच घेतले, तर माणूस जाऊन जात उरते.

ठाण्यांच्या नावांचे तसेच झाले. 1745 च्या सुमारास तुळाजी आंग्र्यांनी अंजनवेल आणि गोवळकोट घेतले आणि त्यांची नावे गोपाळगड आणि गोविंदगड केली. जिंकणाऱ्याने नाव बदलावे, ही त्या काळची रीतच होती. पण अंजनवेलीचा खालचा कोट सिद्दी खैर्यतखानाच्या काळात उभा राहिला, हे गोपाळगडावर जाणाऱ्याला सांगायला आज कुठली अडचण आहे? तुळाजींचा पराक्रम मोठा ठरतो तो समोरचा तोलामोलाचा होता म्हणूनच.

हे सगळे जुन्या काळाचे झाले, असे कुणी म्हणेल. म्हणून तिसरे उदाहरण आजचे आणि खास रत्नागिरीचे. गेली काही वर्षे नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या घाऊक बाजारात मलावीचा आंबा येतो. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे, त्यामुळे आपल्याकडे मोहोराची वाट पाहत असतात तेव्हा तिथले फळ तयार असते. हा आंबा कोकणातून नेलेल्या हापूसच्या कलमांपासून वाढवलेला आहे. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले असल्याने 'मलावी हापूस' या नावाला बागायतदारांचा आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. ग्राहकाची फसवणूक होता कामा नये. आपल्या बागायतदाराचा भाव पडता कामा नये.

पण नावाच्या या भांडणाच्या आडून एक वेगळेच वाक्य बोलण्यात शिरते: कलम आपले, म्हणजे आंबा आपलाच, त्यांनी फक्त लावला. हे वाक्य रत्नागिरीकराच्या तोंडी तरी शोभत नाही. नुसते लावून आंबा येत नाही, हे त्याच्याइतके कुणाला कळते? मोहोर राखणे, तुडतुड्यांचा बंदोबस्त, साक्याची धास्ती, काढणीची वेळ, पेटी भरणे, यातली प्रत्येक गोष्ट चुकली तर वर्ष वाया जाते. मलावीला समुद्रकिनारा नाही. तिथून फळ विमानाने इथवर टिकवून आणायचे, तर मागे किती हात राबले असतील याचा अंदाज आंबा विकणाऱ्याला येतोच. शिवाय ज्याचे कलम त्याचे फळ, हा न्याय लावायचा तर आपलीही पंचाईत आहे. 'हापूस' हे नाव पोर्तुगीज आहे आणि या जातीच्या कलमांची परंपरा गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात रुजली. म्हणून आपण आपल्या आंब्याला पोर्तुगीजांचा आंबा म्हणत नाही; इथल्या जांभ्या कातळावर इथल्या माणसांनी तो घडवला, म्हणून तो इथला. मलावीच्या शेतकऱ्याला हापूसचे नाव देऊ नये. त्याच्या कष्टाचे श्रेय मात्र त्याला द्यायला हवे.

आफ्रिकेशी कोकणचा आणखी एक घरोबा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी-कुलाब्याच्या किनाऱ्यावरची कोकणी मुसलमान घराणी केपटाऊनला गेली आणि स्थिरावली. ही गोष्ट सांगताना आपले बोलणे एकदम मोकळे होते: आमची माणसे परक्या देशात गेली, दुकाने थाटली, मशिदी आणि शाळा उभ्या केल्या, आणि तरी कोकण विसरली नाहीत. परदेशी गेलेला माणूस तिथला होतो आणि मुळचाही राहतो, हे आपल्या माणसांबद्दल आपल्याला सहज उमगते. हाच न्याय उलट दिशेने, हबशातून कोकणात आलेल्यांना लावायला आपण कचरतो.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. अंबर दख्खनी झाला होता, जंजिऱ्याचे सिद्दी पिढ्यान्‌पिढ्या इथलेच होते. त्यांना आफ्रिकी म्हणणे म्हणजे आजचे मोजमाप जुन्या माणसांवर लादणे नाही का? लादणे झाले असते, जर ती ओळख आपण बाहेरून चिकटवत असतो. पण 'सिद्दी' हे नाव त्यांनी स्वतः टाकले नाही. 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत जंजिऱ्याचे नवाब ते लावत होते. 'हबसाण' हा शब्द इथल्याच लेखणीतून उतरला. आपण नवीन काही जोडत नाही. सैल झालेला सांधा पुन्हा बसवतो आहोत.

यासाठी फार काही करावे लागत नाही. गौरवाचे सोहळे नकोत. गुलामगिरी आणि लुटालूट झाकणेही नको. जंजिऱ्याच्या होडीत तोफेच्या लांबीनंतर एक वाक्य सरदार कसे निवडले जात याचे यावे. गोपाळगडावर खैर्यतखानाचे आणि तुळाजींचे नाव शेजारी यावे. मलिक अंबरवर बोलताना इथिओपिया पहिल्या ओळीतच संपू नये. आफ्रिकेला कर्तृत्व नवे आहे, 'तेही आता पुढे येताहेत', असे आपण बोलतो तेव्हा बाणकोटच्या खाडीपलीकडे पाहावे. तिथे ते चारशे वर्षांपूर्वी पुढे आले होते, आणि आपल्याच पूर्वजांनी त्या मुलखाला त्यांचे नाव दिले होते.