युद्धस्मृती आणि संहिता : ‘माझा प्रवास’च्या दोन आवृत्त्यांच्या निमित्ताने

युद्धाच्या वैयक्तिक आठवणींचे जतन हा विषय सामान्यतः इतिहासाचा मानला जातो. आठवण किती विश्वसनीय आहे, तिला कागदपत्रांचा दुजोरा मिळतो की नाही, या प्रश्नांभोवती ही चर्चा फिरते. तथापि आठवण वाचकापर्यंत पोचते ती संहितेच्या रूपाने. ती कोणी लिहवून घेतली, कोणी दुरुस्त केली, कोणत्या काळी छापली, हे प्रश्न साहित्यसमीक्षेचे आहेत. त्यांचा विचार केल्याशिवाय युद्ध अनुभवलेल्या माणसाचा सन्मान म्हणजे नेमके काय, हे ठरवता येत नाही.

सत्तावनच्या उठावातील सैनिकांच्या बाबतीत या प्रश्नाची पहिली बाजू म्हणजे मौन. पंडरीच्या कापडबाजारासाठी आज ओळखल्या जाणाऱ्या रायपूर शहरात १८ जानेवारी १८५८ रोजी हनुमानसिंग या शिपायाने सार्जंट मेजर सिडवेल याला ठार केले. २२ जानेवारीला त्याच्या १७ साथीदारांना फाशी देण्यात आले. अवघ्या चार दिवसांत हे प्रकरण मिटवले गेले. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यानंतर कंपनीच्या अमलाखाली आलेल्या या प्रदेशातील त्या शिपायांना काय वाटत होते, हे त्यांच्या शब्दांत उपलब्ध नाही. त्यांची नावे उरली ती त्यांना शिक्षा देणाऱ्यांच्या दप्तरात. ज्यांनी शस्त्र उचलले त्यांची आठवण शत्रूच्या भाषेत नोंदली जावी, ही या उठावाच्या स्मृतीतील मोठी विसंगती होय.

दुसरी बाजू सुभेदार सीताराम पांडे यांच्या आत्मकथनात दिसते. कंपनीच्या फौजेत दीर्घ चाकरी केलेल्या या सैनिकाच्या आठवणी नॉर्गेट या इंग्रज अधिकाऱ्याने भाषांतरित करून १८७३ मध्ये प्रसिद्ध केल्या. मूळ देशी संहिता मात्र हाती नाही. त्यामुळे या पुस्तकातील आवाज सीतारामांचा किती आणि नॉर्गेटचा किती, हा वाद अभ्यासकांत आजही मिटलेला नाही. येथे आठवण राहिली, पण आठवणाऱ्याची भाषा हरवली.

या पार्श्वभूमीवर विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चे महत्त्व लक्षात येते. पेणजवळच्या वरसई गावचे गोडसे भटजी सैनिक नव्हते. घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी, या हेतूने ते १८५७ मध्ये काकांसह उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे यांच्या संकल्पित यज्ञाची वार्ता हे त्यामागचे निमित्त होते. वाटेत त्यांना बंडाने गाठले, आणि मार्च-एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोज याच्या फौजेने झांशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. हे लेखन त्यांनी सुमारे पाव शतकानंतर, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून केले. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९०७ मध्ये, भटजींच्या निधनानंतर.

वैद्यांचे ऋण मोठे आहे. त्यांनी मागणी केली नसती तर हा मजकूर लिहिलाच गेला नसता. परंतु छापताना त्यांनी त्यावर संस्कारही केले. भाषेला ग्रांथिक वळण दिले, काही मजकूर गाळला. राजकीय भयाचा तो काळ होता, शिवाय शिष्ट वाचकाची अभिरुचीही सांभाळायची होती. त्यामुळे या संपादनाकडे केवळ दोषदृष्टीने पाहणे योग्य ठरणार नाही. मात्र मूळ हस्तलिखित वैद्यांनी नष्ट केले नाही. १९२२ मध्ये ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आले आणि त्याच्या आधारे दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ संहिता प्रसिद्ध केली. सीतारामांच्या वाट्याला जे आले नाही ते गोडसे यांच्या वाट्याला आले.

मूळ संहितेत भेटणारा निवेदक अधिक ओबडधोबड आहे आणि म्हणूनच अधिक विश्वासार्ह वाटतो. त्याला दक्षिणेचा हिशेब आठवतो, लुटारूंनी नेलेला पैसा आठवतो, बोलीतली वाक्यरचना त्याच्याकडून सुटत नाही. झांशीच्या वेढ्याचे वर्णन करताना तो शौर्याचे पोवाडे गात नाही. तोफगोळ्यांची भीती, पाण्याची टंचाई, लपण्याची धडपड, आणि शहर पडल्यावर आधी मौल्यवान ऐवजावर व मग भांडीकुंडी, कापड, धान्यापर्यंत पोचलेला लुटीचा हात, या क्रमाने त्याची स्मृती चालते. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी भेटलेली राणी लक्ष्मीबाईही त्याच्या लेखनात तहानलेली, थकलेली स्त्री आहे. तिच्यासाठी पाणी काढण्यास भटजी पुढे होतात, पण विद्वान ब्राह्मणाकडून ती सेवा घेणे तिला रुचत नाही आणि ती स्वतः पाणी काढते. या प्रसंगात राणीचे मोठेपण, भटजींचा संकोच आणि वर्णव्यवस्थेचा रिवाज एकत्र उमटले आहेत. चरित्रकाराला पहिली गोष्ट पुरेशी वाटली असती. समीक्षकाला तिन्ही हव्या असतात.

या स्मृतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तिथ्या व घटनाक्रम जागोजागी डळमळतात. बंडाच्या कारणांविषयी ऐकीव वार्ता खऱ्या म्हणून येतात. पण या वार्ता म्हणजे लोक काय मानत होते याचा पुरावा होय. संपादकाने त्या ‘शुद्ध’ केल्या तर हा पुरावाच नाहीसा होईल. तळटीपेत दुरुस्ती करावी, मूळ ओळीत करू नये, एवढाच याचा निष्कर्ष.

हा निष्कर्ष केवळ जुन्या ग्रंथांपुरता नाही. अमृतलाल नागर यांनी ‘माझा प्रवास’ हिंदीत नेला आणि पुढे अवधमध्ये फिरून सत्तावनच्या लोकस्मृती गोळा केल्या. ते ‘गदर के फूल’ हे पुस्तक १९५७ मध्ये आले. उठावानंतर शंभर वर्षांनी हाती लागल्या त्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या ऐकीव कथा. कॅनडातील ‘मेमरी प्रोजेक्ट’ने दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या कथनांचा संग्रह केला. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २००० पासून सुरू केलेल्या उपक्रमात मुलाखती असंपादित स्वरूपात स्वीकारल्या जातात. त्यामागे हेच तत्त्व आहे.

मराठी भाषक सैनिकांनी केरनपासून वालाँगपर्यंत युद्धे लढली. त्यांच्या आठवणी प्रामुख्याने घराघरांत, बोलीत आणि तुटक वाक्यांत आहेत. त्या नोंदवताना गौरवाच्या घाईने त्यांना भाषणाची भाषा दिली, तर वैद्यांच्या संस्कारांची पुनरावृत्ती होईल, आणि त्यांनी जपली तशी मूळ प्रतही हाती राहणार नाही. रायपूरच्या १७ शिपायांचे शब्द परत मिळवणे आता शक्य नाही. जे बोलू शकतात त्यांचे शब्द मात्र जसेच्या तसे राखणे शक्य आहे, आणि सन्मानाची सुरुवात तेथूनच होते.